एकशे ब्याण्णव जणांचं स्थलांतर

सूचना आली तेव्हा कमलाक्षी एका गिऱ्हाइकाच्या घरदुरुस्तीच्या अर्जाची तिसरी प्रत काढत होती. डिचोलीत मामलेदार कचेरीसमोरच्या गल्लीत तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. एक यंत्र, एक संगणक, दोन कदेरी, म्हणजे खुर्च्या, आणि बाहेर अर्ज लिहून घ्यायला आलेल्यांसाठी एक बाक. पडद्यावर तिने जी चौकट कायम उघडी ठेवलेली असे, तिच्यात लाल पट्टी आली होती. एकतीस ऑक्टोबरपासून या संकेतस्थळावरचे सगळे चर्चागट बंद होतील, सदस्यांनी आपली दुसरीकडे सोय करावी, एवढंच.

तिने अर्ज गिऱ्हाइकाच्या हातात दिला. सही कुठे करायची ते सांगायला ती विसरली आणि त्याला तिने दारातून परत बोलावलं.

फोर्टलँड हा संगणकावर खेळायचा खेळ होता. प्रत्येकाला एक गाव मिळे. धान्य पिकवायचं, तट बांधायचे, फौज उभी करायची आणि इतर खेळाडूंशी हातमिळवणी करून शत्रूच्या गावांवर चाल करायची. फौज एका गावाहून दुसऱ्या गावी पोचायला खरेखुरे सहा-सात तास लागत, त्यामुळे खेळणं थोडं आणि बोलणं फार. ते बोलणं आता बंद होणाऱ्या याच संकेतस्थळावरच्या चर्चागटावर चाले. सहा वर्षांपूर्वी कमलाक्षीने तो गट सुरू केला तेव्हा पाच जण होते. आता, दोन हजार तेरा साली, एकशे ब्याण्णव झाले होते. डिचोली, साखळी, पेडणे, वाळपई, आणि गोव्याच्या हद्दीपलीकडचे, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-सावंतवाडीचे. लिहीत मराठीतच, पण ज्याची त्याची बोली मध्ये मध्ये डोकावे.

तिथे तिचं नाव सेनापती होतं. सगळे तिला 'सेनापती दादा' म्हणत. आपण पुरुष आहोत असं तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि नाही असंही सांगितलं नव्हतं. भावाच्या घरात राहणारी, सत्तेचाळीस वर्षांची, लग्न न झालेली बाई दुपारभर लढायांचे हुकूम सोडते, हे कोणाला समजावून सांगायची तिला गरज वाटली नव्हती.

एकाला मात्र ते कळलं होतं. त्याचं गटावरचं नाव टिपरवाला. खनिजाच्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता आणि मालवणीत लिही. त्याचं मोठं काम म्हणजे नकाशे. दर तीन महिन्यांनी खेळातलं जग नव्याने सुरू होई, आणि दर वेळी तो कुठलं गाव कोणाचं, कुठून कुठे जायला किती वेळ, हे पेन्सिलीने आणि तांबड्या बॉलपेनने कागदावर काढून त्याचे फोटो टाके. गट जिंकत होता तो त्या नकाशांवर. दोन वर्षांपूर्वी त्याने तिला एकटीला निरोप पाठवला होता: "सेनापतीनु, तुमी बाईमाणूस असात असा माका वाटता. हरल्यावर सगळे शिये घालतत, तुमी कधी एक पण घालूक नाय. चुकलंय तर माफ करा. कोणाक सांगूचंय नाय."

चार दिवस तिने उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "बरोबर आहे." त्यावर त्याचं काही आलं नाही. पुढे सगळ्यांसमोर तोही तिला सेनापतीच म्हणत राहिला.

आता या सगळ्यांना हलवायचं होतं. नवी जागा कोणती यावर आठवडाभर वाद झाला आणि शेवटी मोबाईलवरचं एक नवं ॲप ठरलं, कारण खाणी बंद होऊन वर्ष उलटलं होतं, कामं गेलेल्या अनेकांनी घरचं इंटरनेट काढून टाकलं होतं आणि हातात फोन तेवढा राहिला होता. पण त्या ॲपवर एका गटात पन्नासच माणसं मावत. म्हणजे चार गट. आणि तिथे टोपणनावाखाली लपता येत नव्हतं. नंबर दिसे, फोटो दिसे.

कमलाक्षीला त्या दिवसांत एका जागी बसवेना. दुकानात ती अर्ज टाइप करता करता उठे, दारापर्यंत जाई, परत येई. एकदा एका बाईच्या प्रतिज्ञापत्रात तिने नवऱ्याच्या नावाच्या जागी तिच्या वकिलाचं नाव घातलं. भाऊ जयरामचा फोटो लावून टाकावा असंही तिच्या मनात येऊन गेलं. घरी जेवताना तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "कितें पळयता गो?"

"काही नाही," ती म्हणाली.

कोणी कुठल्या गटात जायचं, याची यादी तिने करायला घेतली. त्याच संध्याकाळी पेडण्याच्या निखिलने गटावर एक सूचना मांडली. निखिल पंचविशीतला, पर्वरीला कुठल्याशा कचेरीत होता, हुशार होता आणि लढाईत कधी मागे हटत नसे. त्याने लिहिलं की वाटणी सोपी आहे. तीन गट गोंयकारांचे करायचे आणि पलीकडच्यांचा एक वेगळा. भाषेची, गावच्या गोष्टींची कटकट नको.

थोड्या वेळाने टिपरवाल्याने विचारलं, "मग माका खंय घालतलास? जल्म सातार्ड्याचो, पण एकवीस वर्सां डिचोलीत गाडी चालवलंय."

निखिलने लिहिलं, "खाणी बंद झाल्या. आता घरा वच."

त्या 'घरी जा'खाली सतरा जणांनी अंगठे उठवले.

कमलाक्षीने ते वाचलं तेव्हा दुकानात तीन माणसं रेशनकार्डाच्या प्रती काढायला उभी होती. आता भांडण पेटणार, आणि हाताशी पंचवीसच दिवस, एवढंच तिला दिसलं. तिने निखिलची ओळ पुसली. टिपरवाल्याचीही पुसली. आणि लिहिलं, "विषयांतर नको. ज्यांनी नंबर दिले नाहीत त्यांनी द्यावे. – सेनापती." मग ती झेरॉक्सकडे वळली.

भांडण पेटलं नाही. तिला वाटलं, जमलं.

दसरा झाला. नंबर येत गेले. यादीत खुणा वाढत गेल्या. वीस तारखेला तिने उरलेल्यांची नावं वेगळी काढली तेव्हा तिच्या लक्षात आलं की टिपरवाला त्या दिवसापासून गटावर आलेलाच नाही. तिने निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला. काही नाही. मग तिने यादी नीट पाहिली. दोडामार्ग, सातार्डा, बांदा अशा पलीकडच्या गावांतले अकरा जण त्याच्याबरोबरच गप्प झाले होते. कोणी रागाने बोललं नव्हतं, कोणी निरोप घेतला नव्हता. दोन आठवडे ती रोज यादी उघडत होती आणि बारा माणसं उठून गेलेली तिला दिसली नव्हती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही असं नाही, पण सकाळी उठली ती त्याच विचारात. त्याचं खरं नाव ठाऊक नव्हतं. नंबर नव्हता. एकतीस तारखेला संकेतस्थळ बंद पडलं की तो कुठे शोधायचा हेही संपलं.

तिने त्याचे जुने नकाशे काढले. साठेक फोटो होते. एकेक मोठा करून पाहताना तिला दिसलं की कागद पातळ आहेत आणि मागचा छापील मजकूर उलटा उमटलाय. खाणीवरच्या वजनकाट्याच्या चिठ्ठ्या. ट्रक भरून निघताना मिळतात त्या. एका नकाशात कोपऱ्यात गाडीचा नंबर अर्धा दिसत होता, दुसऱ्यात उरलेला. तिने दोन्ही छापले, उजेडाला उलटे धरले आणि नंबर लिहून घेतला.

साखळीच्या रस्त्यावर गोकुळदासचं टायरचं दुकान होतं. एके काळी तिथे टिपरांची रांग लागे. आता गोकुळदास दारात बसून पेपर वाचत होता. कमलाक्षीने नंबर दाखवला.

"ही गाडी? ही विकली गेली," तो म्हणाला. "तुका कित्याक जाय?"

"चालवत होता तो माणूस हवा होता."

"मधुकर. सातार्ड्याचो." गोकुळदासने पेपर घडी केला. "बरो मनीस. खाणी बंद झाल्यावर हंयच्यान गेलो. तोर्श्याला शाळेची बस चालयता म्हणून आयकलां. काय केलां ताणें?"

"त्याने काही केलं नाही," कमलाक्षी म्हणाली.

चोवीस तारखेला गुरुवार होता. तिने दुकानाला कुलूप घातलं, म्हापशाची बस धरली, तिथून पेडण्याची. पेडण्यात बाजाराचा दिवस, बस माणसांनी आणि टोपल्यांनी भरलेली. पुढे तोर्श्याला जाणारी बस पाऊण तास आली नाही. ती स्टँडवर उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. भेटल्यावर काय बोलायचं हे तिने चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा ते तिला अर्जातल्या भाषेसारखं वाटलं. 'वरील विषयास अनुसरून.' परत फिरावं असंही एकदा वाटलं. तेवढ्यात बस आली.

शाळा रस्त्याच्या थोडी आत होती. वर्ग चालू होते, पाढे ऐकू येत होते. फणसाच्या झाडाखाली शाळेची पिवळी बालरथ बस उभी होती आणि तिच्या पायरीवर एक माणूस बसला होता. पन्नाशीला आलेला, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तो डब्यातला उंडा पाव चहात बुडवून खात होता.

"मधुकर तुम्हीच?" तिने विचारलं.

"व्हय."

"मी डिचोलीहून आले. मी... फोर्टलँडवरची."

त्याने चष्मा लावला आणि तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला आणि पायरी हाताने झाडली. "बसा, बाय. लांबसून इलास."

ती बसली. तो उभाच राहिला.

"तुम्ही गटावर येत नाही," ती म्हणाली. "एकतीसला बंद होणार. निरोप पाठवले मी."

"बघलंय."

"निखिल बोलला ते चुकीचं होतं."

"तो पोर," मधुकर म्हणाला. "खाणीवर असताना असला बोलणा रोज आयकलंय. तेचा काय इतक्या वाटूक नाय." त्याने डबा बंद केला. "तुमी तेचा पुसलास ता बरा केलास. माझा कित्याक पुसलास?"

"मला भांडण नको होतं," कमलाक्षी म्हणाली.

"भांडाण माझ्यावरसून होता. माका इचारूचा होता. मी फकत इचारलेलंय, माका खंय घालतलास म्हणून. ता वायट होता?"

"नाही."

"त्यानी मारल्यान, मी सवाल केलंय, आणि तुमी दोघांक एकाच फडक्यान पुसलास." आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच तिला ते जास्त लागलं. "तुमची गोष्ट मी दोन वर्सां पोटात ठेवलंय, बाय. मी काय उपकार केलंय असा म्हणूक नाय. पण माका वाटला, तुमी तरी एक शब्द बोलतलास."

शाळेची घंटा झाली. एक तास संपला असावा. मुलं बाहेर आली नाहीत.

"माझी चूक झाली," कमलाक्षी म्हणाली. "ते सांगायलाच आले. आणि नकाशे नव्या जागी न्यायचे, तर तुम्हाला विचारल्याशिवाय कसे न्यायचे."

"नकाशे न्हेवा. ते सगळ्यांचे."

"आणि तुम्ही?"

त्याने मान हलवली. "मी खेळ सोडूक नाय. आमी बारा जणांनी येगळो गट केलो, त्याच ॲपवर. एवढेशेच असंव, पण बरा चल्ला हा." मग तो जरा हसला. "लढायेत मातर रोज मार खातंव."

तिने त्याचा नंबर घेतला, स्वतःचा दिला. तो देताना तिचं बोट फोनवर थांबलं आणि ते त्याने पाहिलं. परतीच्या बसची वेळ सांगून तो म्हणाला, "पेडण्यात भूक लागली तर स्टँडासमोर खावा. सकाळपासून उपाशी दिसतास."

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघांना थांबायला सांगितलं आणि तिने गटावर लिहिलं.

"मी सेनापती. माझं नाव कमलाक्षी. मी दादा नाही, बाई आहे. डिचोलीत माझं टायपिंगचं दुकान आहे. पाच तारखेच्या सुमारास टिपरवाल्याने इथे एक प्रश्न विचारला होता: जन्म सातार्ड्याचा, एकवीस वर्षं डिचोलीत गाडी चालवली, मला कुठल्या गटात घालणार. त्याला घरी जा असं उत्तर दिलं गेलं. मी ते उत्तर पुसलं आणि त्याचा प्रश्नही पुसला. प्रश्न पुसायला नको होता. तो बरोबर होता. गोंयकार आणि पलीकडचे अशी वाटणी होणार नाही. खेळाच्या नकाशात ज्याचं गाव जिथे आहे त्याप्रमाणे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार गट होतील. हा माझा नंबर."

नंबर लिहिला, पाठवला आणि बाकावरच्या पहिल्या माणसाला आत बोलावलं. त्याचं जमिनीचं काम होतं. त्याने काय सांगितलं ते तिला तीनदा विचारावं लागलं.

दुपारपर्यंत साठ-सत्तर उत्तरं आली होती. कोणी लिहिलं, आम्हाला फसवलं. कोणी लिहिलं, सहा वर्षं बाईचं ऐकत होतो हे घरी सांगू नका. वाळपईच्या अंकिताने लिहिलं, "ताई, मी पण मुलगाच म्हणून आले होते. माझं नाव बदलून घ्या." निखिलने टोमणा मारला नाही. त्याने फक्त लिहिलं की आपला वेगळा गट निघतो आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं. पस्तीस जण त्याच्याबरोबर गेले. जाताना एकाने नकाशे मागितले. तिने दिले, कारण मधुकरने ते सगळ्यांचे म्हटले होते.

मग फोन सुरू झाले. ओळखीचे, अनोळखी. एकदोघांनी नुसताच आवाज ऐकून ठेवला. एकाने पिण्याच्या गोष्टी काढल्या. रविवारी जेवताना तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा जयराम चिडला.

"कोण हे? इतके दादले मनीस तुका फोन करतात?"

"माझ्या गटातले आहेत."

"कसलो गट?"

तिने त्याला सगळं सांगितलं. सहा वर्षांचं सगळं. वहिनी वाटी हातात धरून उभी राहिली. जयरामने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खेळ?"

"खेळ."

"आणि तू त्यांची मुखेल?"

"होते. आता बघायचं."

संध्याकाळी तो तिला म्हणाला, वायट बोलणारे नंबर माका दी, हांव पळयतां. तिने दिले नाहीत. ते ॲपवर कसे अडवायचे ते अंकिताने तिला फोन करून शिकवलं.

एकतीस तारखेला संकेतस्थळ बंद झालं. त्याआधीच्या तीन दिवसांत तिने आणि अंकिताने मिळून जुन्या लढायांच्या चर्चा उतरवून घेतल्या. नव्या चार गटांत एकशे चव्वेचाळीस माणसं आली. एकाचा नंबर चुकला आणि तो सापडलाच नाही. गट चालले, पण पूर्वीसारखे नाही. एका गटातलं बोलणं दुसऱ्याला कळेना, हुकूम चार वेळा लिहावे लागत, आणि पश्चिमेच्या गटात कोणी सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रं पाठवी. दिवाळी उलटल्यावर कमलाक्षीने चारही गट अंकिताच्या हाती सोपवले. अंकिता बारावीनंतर घरीच होती आणि तिला ते झेपत होतं.

त्यानंतर दोन दिवस ती नुसती येरझाऱ्या घालत राहिली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोन उचलायचा, ठेवायचा. तिसऱ्या दिवशी तिने मधुकरला फोन लावला.

"तुमच्या गटात मी आले तर चालेल?" तिने विचारलं. "सेनापती म्हणून नाही. साधी. धान्य पुरवायला लावा."

पलीकडे मुलांचा गलका होता. बस सुटायची वेळ असावी. "माझ्या एकट्याचो नाय तो गट," मधुकर म्हणाला. "सगळ्यांक इचारून सांगतंय."

दोन दिवस काही आलं नाही. ती अर्ज टाइप करत राहिली, आणि फोन खिशातून बाहेर काढून यंत्रावर पालथा ठेवत राहिली. शनिवारी सकाळी त्याचा निरोप आला. त्याचा स्वतःचा धरून आठ जणांचा होकार होता. चौघांचा नव्हता. चौघांची नावं आणि नंबर त्याने खाली दिले होते, आणि लिहिलं होतं, "यांका मी काय सांगूचंय नाय. तुमीच बोला."

पहिलं नाव यशोदाचं होतं, दोडामार्गची. कमलाक्षीने कदेर दाराकडून आत ओढली आणि नंबर लावला.

"मी कमलाक्षी. डिचोलीहून बोलते."

"म्हायत आसा," पलीकडची बाई म्हणाली. "त्या दिसा मी पण गटावर होतंय. तुमी पुसलास ता माझ्या डोळ्यासमोर पुसलास."

"हो," कमलाक्षी म्हणाली.

"आता माका येळ नाय. भात झोडतंव. सांजेक करा."

"किती वाजता?"

"सहा वाजता. आणि आधी काय बोलूचा ता ठरवन करा, नायतर नको."

फोन बंद झाला. दारात एक माणूस दाखल्याचा कागद घेऊन उभा होता आणि आत येऊ का असं हाताने विचारत होता. कमलाक्षीने त्याला बाकाकडे बोट दाखवलं, पाच मिनिटं बसा म्हणाली, आणि दुसरा नंबर लावला.